डाव्या हाताचा प्राध्यापक

२२ डिसेंबर २०२४, रविवार

मी, इंद्रभान सखाराम सरकटे, वय वर्षे ७९, धर्म बौद्ध, शिक्षण इयत्ता चौथी (उत्तीर्ण), राहणार अमडापूर, तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा, निवृत्त पट्टेवाला शिपाई, बुलढाण्याच्या न्यायालयात छत्तीस वर्षे सेवा, या वहीत जे लिहीन ते खरे लिहीन.

दैनंदिनी लिहिण्याची मला सवय नाही. परंतु घरात असा प्रसंग उद्भवला आहे की तो कोणास सांगता येत नाही आणि न सांगितल्यास अन्न पचत नाही. पत्नी चांगुणा हिला सांगता आले असते. पण ती हसते.

प्रसंग असा. माझा मुलगा नागसेन, वय ४८, अमेरिकेतील ओहायो प्रांतातल्या एका विद्यापीठात प्राध्यापक आहे. येथील शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष महादेवराव यांनी पंधरा वर्षांपूर्वी मला भर बाजारात विचारले होते, “नागसेन शिकवतो काय?” मी उत्तर दिले, “संख्याशास्त्र.”

वस्तुस्थिती अशी की तो संगीत शिकवतो. जॅझ नावाच्या प्रकारात तो ड्रम वाजवतो आणि स्वतः रचनाही करतो. तथापि त्याचा सर्व दिवस एक, दोन, तीन, चार असे मोजण्यात जातो. सबब माझे उत्तर सर्वस्वी असत्य नव्हते. यापेक्षा दुबळी विधाने न्यायालयाने ग्राह्य धरलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

आता नागसेन गुरुवारी येत आहे. महादेवरावांनी १० जानेवारीस शाळेच्या स्नेहसंमेलनात त्याचा सत्कार व व्याख्यान ठेवले आहे. पत्रके छापून झाली. विषय: ‘संख्याशास्त्र आणि ग्रामीण युवक’.

चांगुणा म्हणाली, “भोगा आता. मी तवाच म्हटलं होतं, मास्तर हाय एवढंच सांगा म्हून.”

२६ डिसेंबर, गुरुवार

नागसेन शेगावपर्यंत रेल्वेने व पुढे जीपने आला. सूनबाईंना रजा मिळाली नाही. केस पांढरे झाले आहेत, पण पाया पडताना वाकतो पूर्वीसारखाच.

सोबत एक मोठी, काळी, गोल पेटी आहे. शेजाऱ्यांनी विचारले, हे काय? मी सांगितले, संगणक.

“गोल?”

“तिकडे गोलच असतात,” मी म्हणालो.

जेवायला तुरीच्या सोल्यांची आमटी होती. त्याने ती तीन वेळा वाढून घेतली. जेवणानंतर त्याने फोनवर आपल्या चमूचे वादन ऐकवले. जॅझविषयी माझे मत येणेप्रमाणे: सर्व वकील एकाच वेळी उभे राहतात, प्रत्येक जण आपापलाच मुद्दा मांडतो, न्यायाधीश कोणी नसतो, आणि अखेरीस सर्वजण एकदम गप्प होतात. या एकदम गप्प होण्यालाच कौशल्य म्हणतात.

मी हे त्याला सांगितले. तो हसून हसून खाटेवरून पडता पडता राहिला. म्हणाला, “बाबा, माह्या वर्गात हे चार महिन्यांत कोणाले सांगता येत नाही.”

२९ डिसेंबर, रविवार

आज त्याने येण्याचे खरे कारण सांगितले.

तो एक मोठी रचना करत आहे. सोळा वादक, कालावधी सत्तर मिनिटे. येत्या एप्रिलमध्ये ती तिकडे सादर होणार. तिच्या मध्यभागी त्याला त्याचे आजोबा सखाराम यांची ‘वेशीवरची चाल’ हवी आहे. वरात गावाच्या वेशीत शिरताना डफड्यावर जी वाजे ती. ती आता कोणास नीट येत नाही, असे तो म्हणाला. पेटीत संगणक नसून डफडे आहे, आणि ते त्याने माझ्यासाठी आणले आहे.

मी म्हणालो, “मला काही येत नाही.”

चांगुणा चुलीजवळून बोलली, “हाव, येत नाही. अन् जेवताना ताटाच्या काठावर बोटं कोन आपटते? मी?”

हे विधान निराधार आहे.

येथे पार्श्वभूमी नोंदवणे प्राप्त आहे. माझे वडील डफडे वाजवत. पंचक्रोशीत त्यांच्यासारखा हात नव्हता. वरात असो की मेलेले जनावर असो, बोलावणे येई आणि जावे लागे. लग्नात ते सर्वांच्या पुढे चालत आणि सर्वांच्या मागून, वाड्याबाहेर, उकिरड्याच्या कडेला बसून जेवत. मी सहा वर्षांचा असल्यापासून त्यांच्या शेजारी उभा राहून वाजवत असे. सन १९५६ मध्ये नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर त्यांनी डफडे अंगणात जाळले. कातडे जळताना वास येतो, तो मला अजून ओळखता येतो. माझा हात राखेवर ठेवून त्यांनी शपथ घेववली की या घराचा हात पुन्हा डफड्यावर पडणार नाही. मी अकरा वर्षांचा होतो. दुसऱ्या दिवसापासून ते दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाऊ लागले, आणि मी पुन्हा शाळेत.

नागसेन ड्रम वाजवू लागला तेव्हा मी स्वतःची समजूत घातली की ते विलायती वाद्य आहे. गावास मात्र सांगितले नाही. सरकट्यांच्या घरात पुन्हा वाजवणारा निघाला, हे वाक्य मला या गावाच्या तोंडून ऐकायचे नाही.

१ जानेवारी २०२५, बुधवार

संध्याकाळी वस्तीच्या कार्यक्रमात डीजे लावला होता. आमच्या घरातील पातेली फळीवरून खाली आली.

नागसेनाने विचारले, “बाबा, हे चालते, अन् डफडं नाही चालत?”

मी म्हणालो, “यंत्राला कोणी उकिरड्यावर जेवू घालत नाही.”

त्याने पातेली उचलून पुन्हा फळीवर ठेवली. मुद्दा बिनतोड होता. तरीही जिंकल्यासारखे वाटले नाही.

३ जानेवारी, शुक्रवार

अनर्थ झाला. माझी नात पायल (मुलीची मुलगी, बुलढाण्यास महाविद्यालयात शिकते) हिने मामाच्या वादनाची चित्रफीत गावच्या व्हॉट्सॲप गटात टाकली. दुपारपर्यंत ती सरपंचापासून पिठाच्या गिरणीपर्यंत सर्वांनी पाहिली. गिरणीवाला मला म्हणाला, “काका, लय जोरात आकडेमोड करते बा तुमचा पोरगा.”

मी घरी येऊन दार लावले आणि चित्रफीत प्रथमच पूर्ण पाहिली. अकरा मिनिटे. खाली इंग्रजीत काही लिहिले होते, ते पायलने फोनवरून मराठीत सांगितले: या कलावंताने डाव्या हातास अग्रक्रम देण्याची अभूतपूर्व पद्धत निर्माण केली असून तिच्यावर दोन विद्यार्थ्यांनी प्रबंध लिहिले आहेत.

सातव्या मिनिटास मी उठून उभा राहिलो. नागसेन वेशीवरची चाल वाजवत होता. ड्रमवर, पण तीच. आणि उलटी. जो ठोका उजव्या हातातील जाड टिपरूने पडावयास हवा तो डाव्याने पडत होता. डाव्या हातातील बारीक काडीचे काम उजवा करत होता. संपूर्ण चाल आरशात पाहिल्यासारखी.

प्रश्न उपस्थित झाला की ही त्याला शिकवली कोणी. मी तर शनिवार-रविवारीच बुलढाण्याहून घरी येत असे. गावात अशी आगळीक करणारा एकच इसम आहे.

सईद माझा बालमित्र. वय ८०. पूर्वी लग्नाची बँड पार्टी चालवत असे. डीजे आल्यापासून बंद आहे. मी गेलो तेव्हा तो ओट्यावर बसून बिडी ओढत होता.

“नागसेनाला तू शिकवलेस,” मी म्हणालो.

“सलाम-दुवा काही नाही, एकदम फर्दे-जुर्म, आरोपपत्रच,” तो म्हणाला. “बस बे. हाव, मी शिकवलं. नऊ वर्साचा होता. शाळा सुटली का माह्या शेडात. तुह्या बायकोले माईत होतं.”

“चांगुणेला?”

“डबा तीच धाडे.”

हा मुद्दा मी तूर्त राखून ठेवला. मी म्हणालो, “तू चूक शिकवलेस. उजवे डावे केलेस.”

सईदने बिडी विझवली. डोळे मिटून हवेत हात हलवले. मग म्हणाला, “अबे इंदर, तुह्या बापाजवळ कोन बसू दे मले? मी समोर बसो, मस्जिदच्या पायरीवर. समोरून जसं दिसलं तसं उचललं.”

“म्हणजे अमेरिकेत दोन माणसांनी ज्यावर प्रबंध लिहिले,” मी म्हणालो, “ती तुझी चूक आहे.”

“लिहू दे ना,” सईद म्हणाला. “आपल्याले कोनी इचारलं तर आपण साक्ष देऊ.”

घरी आल्यावर चांगुणेस डब्याविषयी विचारले. ती म्हणाली, “चाळीस वर्सांनी तपास लागला? तुमी पोलिसात नव्हते तेच बरं.”

५ जानेवारी, रविवार

महादेवराव घरी आले. त्यांचे वडील मला ‘इंद्र्या’ म्हणत. महादेवराव ‘इंद्रभानजी’ म्हणतात.

संख्याशास्त्राविषयी त्यांनी अवाक्षर काढले नाही. चहा घेतला. नागसेनाची फार स्तुती केली. नंतर म्हणाले, “पुढच्या महिन्यात दोन तारखेले आमच्या नातवाचं लग्न हाय. तुमच्या सखारामजींनी आमच्या वडलांच्या वरातीत वाजवलं होतं, घरात अजून नाव काढतात. मी म्हणो, नागसेनरावांनी वरातीपुढं दोन हात मारले तर गावाची शोभा होईल. आपुलकीनं म्हणून राह्यलो.”

ते खरोखरच आपुलकीने बोलत होते. याचाच मला अधिक संताप आला. माझ्या वडिलांना त्या वरातीनंतर जेथे बसवले ती जागा मी आजही बोट ठेवून दाखवू शकेन. तेथे आता महादेवरावांचा ट्रॅक्टर उभा असतो.

मी तोंड उघडण्याआधीच नागसेन शांतपणे म्हणाला, “वाजवतो ना काका. पण माहं एक हाय. मी वाजवतो तवा लोकाईले खुर्चीवर बसा लागते, अन् गप्प बसा लागते. सत्तर मिनिटं. वरात बसवता काय तेवढा वेळ? घोडं पण.”

महादेवरावांनी बशीत पाहिले. “घोडं कसं बसन,” ते म्हणाले.

“मंग शाळेत करू. दहा तारखेले. खुर्च्या तुमच्याच हाईत.”

ते होकार देऊन गेले. चांगुणा आतमध्ये पदर तोंडात धरून बसली होती.

७ जानेवारी, मंगळवार

नागसेनाशी भांडण झाले. ते जसेच्या तसे नोंदवतो.

मी म्हणालो की शाळेत ड्रम वाजवण्यास हरकत नाही. ते विलायती आहे. परंतु डफडे त्या पेटीतून बाहेर निघता कामा नये आणि वेशीवरची चाल वाजता कामा नये. ती राखेत गेली आहे.

तो म्हणाला, “ते सईदचाचाच्या हातात होती. माह्या हातात हाय. राखेत कुठं गेली?”

मी म्हणालो, “तुझ्या हातात आहे ती चुकीची आहे.”

“म्हून तर तुमाले मागून राह्यलो.”

मी शपथेचा उल्लेख केला. त्याने उत्तर दिले, “बाबा, आजोबांनी डफडं काऊन जाळलं मले समजते. त्याईच्या जागी मीही जाळलं असतं. पण मले जिथं जिथं बोलावलं तिथं कोनी दाराबाहेर उभं नाही ठेवलं. अन् माह्याच गावात तुमी मले संख्याशास्त्राचा केला. वीस वर्सं मी जे काम केलं त्याचं नावबी घेतलं नाही तुमी. तुमाले माही लाज वाटते.”

मी म्हणालो, “लाज नाही. काळजी.”

“काय फरक हाय?”

मी उठून पेटीचे झाकण घट्ट लावले.

तो म्हणाला, “दहा तारखेले मी चाल वाजवणार. माह्याजवळ जशी हाय तशी. तुमी येऊ नका वाटलं तर. पण मंग पुढच्या बारीले मी कोन म्हून येऊ या घरी? तुमाले मास्तर पायजे तर संख्याशास्त्राचा धाडतो एखादा.”

नंतर तो सईदकडे जेवायला गेला.

चांगुणेने मला वाढले. ठेचा नेहमीपेक्षा तिखट होता. हेतुपुरस्सर, असा माझा संशय आहे.

९ जानेवारी, गुरुवार

निर्णय: मी उपस्थित राहणार नाही.

उशिरा सुचलेली दुरुस्ती: संमेलनात खुर्च्या कशा मांडतात याची पाहणी करणे हे ज्येष्ठ नागरिक म्हणून माझे कर्तव्य आहे. सबब पाहणीपुरता जाईन. शेवटची रांग. चाल सुरू होताच उठेन.

चांगुणेने न विचारता माझा कोट व टोपी काढून ठेवली आहे. मी तिला काहीही सांगितले नव्हते.

१० जानेवारी, शुक्रवार

आज जे घडले ते क्रमाने लिहितो.

दुपारी चार वाजता शाळेच्या सभागृहात पोहोचलो. खुर्च्या वाकड्या मांडलेल्या होत्या. दोन रांगा मी सरळ करवून घेतल्या. अंदाजे तीनशे माणसे होती. पुढच्या रांगेत महादेवराव, मांडीवर शाल व नारळ. व्यासपीठावर बुलढाण्याहून आणलेला ड्रमचा संच: लहानमोठे चार ढोल, तीन पितळी थाळ्या आणि पायाने बडवायचे एक पिंप. शेजारी स्टुलावर डफडे. सईदने ते सकाळी शेकोटीवर तापवून दिले होते, हे त्याच्या सदऱ्याच्या वासावरून समजले.

नागसेन वाजवू लागला. पहिली दहा मिनिटे गावाने तोंड उघडे ठेवले. पुढील दहा मिनिटे गाव चुळबुळले. त्यानंतर काय झाले ते मला नेमके सांगता येत नाही, परंतु पाय हलत नव्हता असा एकही इसम दिसेना. मागील रांगेतील एका वृद्धेने विचारले, “याच्या अंगात देव कवा येते?” कोणी हसले नाही.

मग तो थांबला. डफडे हातात घेतले. म्हणाला, “ही माह्या आजोबाची, सखाराम सरकट्यांची चाल. मी उलटी शिकलो. तिच्यावर मले नोकरी भेटली, तिच्यावर लोकाईनं पुस्तकं लिहिली. बरोबर कशी हाय ते गावात एकाच माणसाले माईत हाय. त्याईनं दिलीच पायजे असं नाही. मी त्याईची जागा मोकळी सोडतो.”

त्याने उलटी चाल एकदा वाजवली. नंतर काड्या खाली केल्या आणि चाल जेवढी लांब असते तेवढा वेळ नुसता उभा राहिला.

मी उठून दाराकडे निघालो. हे मी ठरवल्याप्रमाणेच केले. सभागृहात काहीही वाजत नव्हते. परंतु ती जागा रिकामी नव्हती. प्रत्येक ठोका कोठे पडायला हवा ते मला ऐकू येत होते आणि तो पडत नव्हता. पाचव्या ठोक्याला मी दाराशी होतो.

इतक्यात महादेवरावांना वाटले की कार्यक्रम संपला. ते शाल उलगडत उठले आणि टाळ्या वाजवू लागले. त्यांच्यामागे तीनशे माणसे टाळ्या वाजवू लागली.

चाल अर्ध्यावर होती. अर्ध्या चालीत टाळी. माझ्या वडिलांच्या हयातीत असे कोणी केले असते तर त्यांनी वरात जागीच थांबवली असती. मी दारातून मोठ्याने म्हणालो, “खाली बसा. अजून संपलेले नाही.”

न्यायालयात छत्तीस वर्षे पुकारा केलेला आवाज आहे. महादेवराव बसले. नारळ घरंगळला, तो त्यांनी उचलला नाही. सर्व सभागृह माझ्याकडे वळले. आता सर्वांना बसवून स्वतः निघून जाणे हे कोणत्याही नियमात बसत नव्हते.

मी मधल्या वाटेने पुढे गेलो. कोट काढला. नागसेनाने डफडे माझ्या गळ्यात अडकवले. मी जमलेल्यांना म्हणालो, “ही चाल सखाराम सरकटे उभ्याने वाजवत, कारण त्यांना कोणी बसा म्हटले नाही. तुम्ही सर्वजण बसूनच ऐका.”

मी वाजवली. उजवा आधी. अडुसष्ट वर्षांनी मनगट लाकडाचे झाले असेल असे वाटले होते. झाले नव्हते. दुसऱ्या आवर्तनास नागसेन माझ्यासमोर ड्रमवर बसून त्याच्या उलट्या हाताने मिळाला. समोरासमोर असल्याने त्याचा डावा आणि माझा उजवा एकाच बाजूने उठत होते. पहिल्या रांगेत सईद मोठ्याने म्हणाला, “पाह्य, मले असंच दिसो.”

तिसऱ्या आवर्तनात एक ठोका चुकला. तो माझ्याकडून चुकला, नागसेनाकडून नाही.

मी शपथ मोडली. कोणी भाग पाडले नाही, कोणी बोलावले नव्हते. वडिलांपुढे उभे राहायची वेळ आली तर मी हेच सांगेन, आणि त्यांचा जो निकाल असेल तो मान्य करीन. पण माझा अंदाज आहे की ते आधी चुकलेल्या ठोक्याविषयी बोलतील.

नंतर शाल देण्यात आली. महादेवराव मला म्हणाले, “वरातीसाठी डीजे सांगून टाकतो.” मी म्हणालो, योग्य आहे. नागसेनाची ओळख मी स्वतः ध्वनिक्षेपकावरून करून दिली: संगीताचे प्राध्यापक, ड्रमवादक, रचनाकार. संख्याशास्त्राविषयीचे माझे पूर्वीचे विधान तीनशे लोकांसमक्ष मागे घेतले.

घरी येऊन नागसेन म्हणाला, “बाबा, उद्या सकाळी हात सरळ करून द्या माहे.”

मी म्हणालो, “तू चार दिवसांत परत जाणार. तेवढ्यात होणार नाही.”

तो म्हणाला, “मंग उन्हाळ्यात दोन महिने येतो.”

वर लिहिलेले सर्व मी शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहिले आहे.

समक्ष हजर:
१. सईद, राहणार अमडापूर. हजर. साक्षीच्या वेळी मध्येच बोलला.
२. महादेवराव, अध्यक्ष. हजर व आसनस्थ.
३. पायल. हजर. फोनवर चित्रण केले; माझा चुकलेला ठोका काढून टाकण्यास नकार दिला.
४. चांगुणा इंद्रभान सरकटे, पत्नी. हजर. डोळ्यांस पदर असल्यामुळे पाहिले नाही; ऐकले, असे सांगते.